बरणीवरची चिठ्ठी

१९९४ च्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत एक बरणी आली. लोणच्याची, लाल झाकणाची. तेव्हा बाहेरच्या छोट्या दवाखान्यांतून ऑपरेशनचे नमुने असेच यायचे. कधी मधाच्या बाटलीतून, कधी प्लास्टिकच्या डब्यातून, एकदा तर चक्क कडीच्या स्टीलच्या डब्यातून. नातेवाईक एसटीत मांडीवर धरून आणायचे. या बरणीत बोंडासह काढलेली कातडी होती आणि तिला आतून चिकटलेली सुपारीएवढी गाठ. सोबतच्या चिठ्ठीवर फॉर्मॅलिन सांडून नाव पुसलं होतं. आडनाव, वय ५८ आणि पुढे ‘पु.’ एवढंच वाचता येत होतं.

मी हसलो. कंपाउंडरनं घाईत लिहिलं असणार, असं म्हणून बॉलपेननं ‘पु.’ खोडलं आणि वर ‘स्त्री’ लिहिलं. वाळक्या अंगाची बाई असेल, असंही मनात येऊन गेलं.

आठवड्यानं रिपोर्ट तयार झाला. स्तनाचा कर्करोग, स्त्री, वय ५८. खिडकीवर धोतर-टोपीतला एक गृहस्थ आला, सोबत मुलगा. सदऱ्याच्या डाव्या बाजूला पट्टीचा फुगवटा दिसत होता.

‘‘पेशंट तुमच्या कोण?’’ मी सवयीनं विचारलं.

‘‘मीच की.’’

मुलानं कागद वाचला आणि म्हणाला, ‘‘यात बाई लिवलंय.’’ माझे कान तापले. म्हातारा चिडला नाही. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाला, ‘‘आवो, डाक्टरबी पैल्यांदा हसलंच व्हतं.’’

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला आत बोलावून घेतलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, ‘‘तुला चिठ्ठी वाचायला ठेवलंय, दुरुस्त करायला नाही.’’ रिपोर्ट पुन्हा टाइप झाला. मग त्यांनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली आणि बहिणींबद्दल विचारलं. तीन बहिणी, त्यांतल्या दोघी छातीच्या गाठीनं गेलेल्या. मॅडमनी ते रजिस्टरच्या कडेला पेन्सिलनं लिहून ठेवलं. त्याचं काय करायचं, हे तेव्हा त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, ब्रॅका-२ हे जनुक सापडलं. त्यातला दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि पुरुषाला स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका वाढवणाऱ्या कारणांत त्याचा नंबर वरचा आहे. स्तनाच्या शंभर कर्करोगांत पुरुषाचा जेमतेम एक, कधी तेवढाही नाही. तो एक माझ्या टेबलावर आला होता आणि मी त्याची बाई करून टाकली होती.

मी हिस्टोपॅथॉलॉजीचा टेक्निशियन. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात १९८८ ला लागलो, २०२२ ला निवृत्त झालो. डॉक्टर बरणीतला अवयव कापून तपासतात त्याला आम्ही ग्रॉसिंग म्हणतो. मी शेजारी उभा राहून मापं लिहायची, निवडलेले तुकडे कॅसेटमध्ये भरायचे. रात्रभर ते अल्कोहोल, झायलीन, मेण अशा पायऱ्या उतरतात. सकाळी ब्लॉक बनवायचे, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, कोमट पाण्यावर मेणाची फीत तरंगवायची, काचेवर अलगद उचलायची, निळ्या-गुलाबी रंगात रंगवायची. पाण्यावरून फीत उचलताना श्वाससुद्धा धरून ठेवावा लागतो. हा कामाचा भाग मला फार आवडायचा.

पेशंटचा चेहरा आमच्या वाट्याला येत नाही. येतो तो अवयव आणि चिठ्ठी. पण कारकुनाची जागा कायम रिकामी असल्यानं रिपोर्टची खिडकीही आम्हीच सांभाळायचो, दुपारी तीन ते पाच. मी जे शिकलो त्यातलं निम्मं त्या खिडकीवर शिकलो. चिठ्ठीवर लिंगाची चौकट असते, त्यात मी चौतीस वर्षं ‘पु.’ किंवा ‘स्त्री’ वाचत आलो. सुरुवातीची काही वर्षं ती चौकट मला पत्त्यातल्या पिनकोडसारखी वाटायची. असावी लागते म्हणून असते.

खरं तर बरणी बघूनच चौकट भरता आली असती. जबडा, अर्धी जीभ, गालाचा आतला भाग, स्वरयंत्र आलं की पुरुष. मूत्राशयातून खरवडलेल्या चिपा आल्या की बहुतेक वेळा साठीपुढचा पुरुष. गळ्यातली थायरॉइडची गाठ आली की बाई, दहांत आठ वेळा तरी. पित्ताशय खड्यांसकट आलं की बाई. स्तन, गर्भाशय, नारळाएवढी फुगलेली अंडाशयं यांचं तर सांगायलाच नको.

जबड्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. हाड थेट कापता येत नाही. ते आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, त्याला दिवस लागतात. त्यामुळे जबड्यांचे रिपोर्ट उशिरा मिळायचे आणि नातेवाईक फेऱ्या घालायचे. ‘‘हाड अजून मऊ व्हायचंय,’’ हे वाक्य मी हजारदा बोललो असेन. आणि बोलताना माझ्या खालच्या ओठाआड तंबाखूची चिमूट असायची.

लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडचे मामा, म्हणजे विभागाचे शिपाई, आणि मी, दोघं अकरा वाजता मागच्या जिन्यात जाऊन तंबाखू मळायचो. हातमोजे काढायचे, हात साबणानं दोनदा धुवायचे आणि त्याच हातावर चुना घ्यायचा. सकाळी जो जबडा मापला त्याचा मालक काय करत होता हे ठाऊक असूनही. माणसाला आपलं तोंड आणि बरणीतलं तोंड यांचा संबंध लागत नाही. लागू द्यायचा नसतो.

१९९८ मध्ये एक जबडा आला. वय ३४, पु. माझंही तेव्हा तेवढंच. धुवायला घेतला तेव्हा खालच्या दाढेच्या फटीत तंबाखूची काडी अडकलेली दिसली. ऑपरेशन झालं, बरणीतून प्रवास झाला, तरी ती तिथंच. मॅडमनी मापं सांगितली, मी लिहिली. दुपारी आरशात जीभ फिरवून पाहिलं, तर माझ्याही त्याच दाढेत तशीच काडी. कुणाला वाटेल, मी त्याच दिवशी पुडी फेकली. नाही फेकली. आठ महिने लागले, त्यात दोनदा सोडून परत धरली. तिसऱ्यांदा सुटली ती सुटली. मामांची सुटली नाही. त्यांची बरणी मी २००६ मध्ये स्वतः उघडली.

गुटखा आला आणि जबडे तरुण झाले. पूर्वी पन्नाशी-साठीतला माणूस यायचा, मग तिशीतली, क्वचित विशीतली पोरं येऊ लागली. तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी. सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होते आणि त्या कातडीवर पुढे रोग धरतो. राज्यानं २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पानाच्या टपरीवर दोन वेगळ्या पुड्या मिळू लागल्या, एकत्र करून खायच्या.

ही सगळी बरणीवर ‘पु.’ असलेली माणसं. म्हणून मी बरीच वर्षं असं धरून चाललो होतो, की फरक काय तो सवयीचा आहे. बाईमाणूस तंबाखू खात नाही म्हणून वाचतं. हा हिशेब मॅडमनी एका दुपारी मोडला. गालाच्या कर्करोगाचा नमुना होता, स्त्री, वय ६०. केसपेपरवर ‘तंबाखू : नाही’. मॅडम म्हणाल्या, ‘‘बाहेर असतील तर आत घे त्यांना.’’ आजी आल्या. हिरड्या काळ्या.

‘‘आजी, तंबाखू खाता?’’

‘‘नाय बाई. आमच्यात कोन बाईमानूस खातंय?’’

‘‘आणि मिश्री?’’

‘‘ती लावते की. सकाळी, जेवून, सांच्याला आन् झोपताना.’’

तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू म्हणजे मिश्री. पण ती दात घासायची, त्यामुळे ती तंबाखूत मोडत नाही. माझी आईही चार वेळा लावायची. मीही तिच्या कुठल्या केसपेपरवर ‘तंबाखू : नाही’च सांगितलं असतं. त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर मॅडमनी मिश्रीची वेगळी ओळ टाकून घेतली आणि बायकांच्या कॉलममधले ‘नाही’ भराभर ‘होय’ झाले. आमच्याच भागात हे आधी तपासून झालेलं होतं, हे मला पुढं कळलं. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच पुणे जिल्ह्यातल्या एक लाखावर खेडुतांची तोंडं तपासली होती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेतात असं आढळलं. फरक आहेच, मोठा आहे. पण आम्ही समजत होतो तसा तो शंभर आणि शून्याचा नाही.

आंध्रातल्या श्रीकाकुलमच्या बाजूला तर हिशेब पार उलटतो. तिथल्या कोळी आणि मजूर बायका चुट्टा नावाची विडी पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. गोव्यातल्या खेड्यांत धुमटी अशीच उलटी ओढली जायची. तोंडातला वरचा टाळू एरवी फारसा बिघडत नाही. या बायकांचा मात्र तोच बिघडतो. एका परिषदेत मी त्या टाळूंचे फोटो पाहिले आणि शेजारच्या टेक्निशियनला म्हटलं, हे जर चिठ्ठीशिवाय आलं असतं तर मी डोळे झाकून ‘पु.’ लिहिलं असतं. सवय बाईनं उचलली की रोगही उचलला, एवढं साधं आहे ते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सगळं सवयीवरच आहे, शरीराचा काही संबंध नाही, असं पोरांना सांगत सुटलो. नव्या टेक्निशियनना शिकवताना माणूस फार ठामपणे बोलतो. मॅडम निवृत्त झाल्यावर आलेले सर तरुण होते, वाचणारे. कोविड ओसरल्यावर त्यांनी विभागात दर शनिवारी तासभर बोलायची प्रथा पाडली. एका शनिवारी त्यांनी २०२२ चा एक अमेरिकन अभ्यास सांगितला. पन्नास ते एकाहत्तर वयाची सुमारे तीन लाख माणसं, वर्षानुवर्षं पाठपुरावा. सिगारेट, दारू, वजन, खाणं, औषधं हे सगळं हिशेबात धरून वजा केलं, तरी बहुतेक अवयवांत पुरुषांचा धोका जास्तच राहिला. मूत्राशयात तिपटीहून जास्त, स्वरयंत्रातही तसाच. बायकांचा जास्त राहिला तो थायरॉइड आणि पित्ताशयात.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. माझ्या मूत्राशयाच्या चिपा, माझ्या थायरॉइडच्या गाठी, खडेवाली पित्ताशयं. तीस वर्षं जे हातांना माहीत होतं, त्याचा कुणीतरी तक्ता केला होता.

कारण काय, म्हणून मी विचारलं. सरांनी फळ्यावर एक्स काढला. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्र दोन असतात, पुरुषाच्या पेशीत एक. दोन असली तरी त्यातलं एक बहुतांशी झोपलेलं असतं. पण काही जनुकं त्या झोपलेल्या प्रतीवरही जागी राहतात आणि त्यांतल्या काहींचं कामच गाठ होऊ न देण्याचं. २०१७ मध्ये अशी सहा जनुकं शोधकांनी वेगळी काढली. मी ते घरी बायकोला असं सांगितलं : तुमच्याकडे कुलपाची एक किल्ली घरात आणि एक शेजारणीकडे ठेवलेली, आमची एकच, हरवली की दार उघडं. ती म्हणाली, ‘‘आणि तीही तुम्ही हरवताच.’’ तिच्या बोलण्यात तथ्य निघालं. पुरुषाचं वय वाढतं तसं त्याच्या रक्तातल्या काही पेशींतून वाय गुणसूत्र गळून जातं, ओढणाऱ्यांत जास्तच. वाय गमावलेली मूत्राशयाची गाठ प्रतिकार करणाऱ्या पेशींना दमवून टाकते, असं २०२३ मध्ये निघालेल्या संशोधनात दिसलं. ते मी निवृत्तीनंतर वाचलं. प्रतिकारशक्ती बाईची जास्त तल्लख असते असं म्हणतात, संप्रेरकांचाही हात असतो. हे धागे अजून सोडवणं चालू आहे.

दर डिसेंबरात आम्ही वर्षाची बेरीज करायचो. कर्करोगाचे पु. किती, स्त्री किती. दोन्ही आकडे जवळजवळ निघायचे, कधी बायकांचा थोडा वर. मला वाटायचं, रोग तरी न्यायी आहे. देशाचे आकडे पाहिले तेव्हा तेच दिसलं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या अंदाजात भारतात नवे रुग्ण १४ लाखांवर. त्यांत बायका ७ लाख २२ हजार, पुरुष ६ लाख ९१ हजार. जगात मात्र उलटं, पुरुष १ कोटी ३ लाख आणि बायका ९७ लाख. आता मृत्यूचा आकडा बघा. भारतात पुरुष ४ लाख ७० हजार, बायका ४ लाख ४६ हजार. रोग बायकांना जास्त, मरण पुरुषांना जास्त. बरण्या आठवल्या की हे कोडं सुटतं. बायकांच्या आकड्यात १ लाख ९२ हजार स्तनाचे आणि १ लाख २७ हजार गर्भाशयाच्या मुखाचे आहेत. दोन्ही वेळेत सापडले तर आटोक्यात येणारे. पुरुषांकडे तोंडाचेच १ लाख ७ हजार, त्यात फुफ्फुस आणि अन्ननलिकेची भर.

वेळेत सापडले तर. सगळी मेख या तीन शब्दांत.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या बरण्या स्तनांपेक्षा जास्त असायच्या. निवृत्त झालो तेव्हा प्रमाण उलटं झालं होतं. गर्भाशयाच्या मुखाचा रोग एका विषाणूमुळे होतो, हे सिद्ध करणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ ला नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेड्यांतल्या १ लाख ३१ हजार बायका होत्या त्यात. विषाणूची एकदाच तपासणी केली, तर या रोगानं मरणाऱ्यांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानं तर नुसत्या व्हिनेगरनं भागवलं. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविका तपासायच्या, मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा विषाणू पुरुषाच्या अंगावरून येतो-जातो, त्याला क्वचितच काही होतं. बिल बाईच्या नावानं फाटतं. क्वचित पुरुषालाही भरावं लागतं. शिश्नाच्या कर्करोगाच्या बरण्या वर्षाला मोजक्याच यायच्या, पण यायच्या फार उशिरा. एका म्हाताऱ्यानं दोन वर्षं धोतराआड लपवलं होतं. मुलाला सांगायची लाज, सुनेनं धोतर धुवायला घेऊ नये म्हणून स्वतः ओढ्यावर जायचा. लपवणं हा बायकांचाच मक्ता, असं मी समजत होतो. त्या म्हाताऱ्यानं तेही मोडलं.

पण लपवण्याची परवड बायकांची जास्त, हेही पाहिलं. एकदा स्तनाचा नमुना आला, वय ४२. गाठ लिंबाएवढी नाही, मोसंबीएवढी, आणि वरच्या कातडीवर काळे गोल डाग. मला वाटलं, भाजलंय. मॅडमनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘बिब्बा.’’ गाठ आहे म्हणून सासूनं बिब्बा लावला होता. एकदा नव्हे, पाच-सहा डाग मोजले मी. मापांच्या कागदावर ते लिहायचे की नाही, विचारलं. ‘‘लिही. बाकी कुठं लिहिलं जाणार आहे ते?’’ म्हणाल्या. ती बाई घरात बोलली होती, म्हणजे लपवलं नव्हतं. तिला घरातलाच उपाय मिळाला, एवढंच.

खिडकीवर कोण येतं, हे मी पुढे पुढे लक्ष देऊन पाहू लागलो. जबड्याचा रिपोर्ट न्यायला बायको यायची, भाऊ यायचा, मुलगा, मेहुणा, कधी गावचा सरपंच. फेऱ्या घालायचे, भांडायचे, हाड मऊ झालं का विचारायचे. स्तनाचा रिपोर्ट न्यायला नवरा यायचा, काही वेळा भाऊ. गर्भाशयाचा न्यायला कित्येकदा कुणीच नाही. न नेलेल्या रिपोर्टसाठी आमच्याकडे एक खण होता. खणाचं कुलूप तुटलं होतं, नवं कधी मिळालं नाही. त्या खणातले कागद बहुतांशी ‘स्त्री’. मी कधी मोजले नाहीत. मोजायला हवे होते.

नवरे वाईट असतात असं मात्र म्हणणार नाही. एक जण बायकोचा रिपोर्ट घेऊन तिथंच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. दुसऱ्यानं विचारलं, ‘‘दुसरं लग्न करायला कोर्टात जावं लागंल का?’’ तोही तिथंच, त्याच फरशीवर. मी दोघांनाही पाणी दिलं. दुसऱ्याला द्यायला नको होतं असं बरेच दिवस वाटत राहिलं.

लहान मुलांच्या बरण्यांवर मी फार लिहिणार नाही. मूत्रपिंडाच्या गाठी, मानेतल्या गाठी. चिठ्ठ्यांवर मुलगे जास्त असायचे, मुली कमी. बालपणीचे काही कर्करोग मुलग्यांना थोडे जास्त होतात, म्हणून आम्ही मान डोलावून पुढे जायचो. २०२२ मध्ये देशातल्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून एक अभ्यास आला. उपचाराला येणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा खूपच जास्त, आणि घर जितकं लांब तितकी मुलींची संख्या आणखी कमी. रोग काही किलोमीटर मोजून होत नाही. आमच्या टेबलावर आलेल्या बरण्यांचा मी चौतीस वर्षं हिशेब ठेवला. न आलेल्यांसाठी रजिस्टरच नव्हतं.

माझ्या आईला मी २००१ मध्ये तपासायला आणलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तुकडा घेतला, ब्लॉक मी केला, काप मी घेतले. आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोटोमवर हात थरथरला आणि फीत दोनदा तुटली. मॅडमनी स्लाइड पाहिली. कर्करोग नव्हता, पण वाटेवर होता. आईला सांगितलं, मिश्री बंद. ती म्हणाली, ‘‘मग परसाकडं कशी हुईल?’’ हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नाही. तिची मिश्री कमी होत होत दोन वर्षांनी सुटली, चट्टा विरला. माझ्या तंबाखूबद्दल मी तिला तेव्हाच सांगितलं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात तो तुटक्या कुलपाचा खण मी रिकामा करायला घेतला. जुने कागद पिवळे पडलेले, त्यांवर फोन नंबरच नाही. अलीकडच्या कागदांवर होते. बायकांच्या फॉर्मवर नंबर बहुतेक नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. एकेक फोन लावत गेलो. बरेच बंद. दोन ठिकाणी ‘‘बाई वारल्या’’ असं कळलं. एक फोन तीन आठवड्यांपूर्वीच्या रिपोर्टचा होता. गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा, वय ४६. रोग होता, पण अगदी सुरुवातीचा, असा की माणूस बरं होऊन घरी जातं.

पुरुषानं उचलला. मी रुग्णालयाचं नाव सांगितलं, बाईंचं नाव सांगितलं.

‘‘ती शेतात हाय. काय काम?’’

‘‘त्यांचा रिपोर्ट आलाय.’’

‘‘कसला रिपोर्ट?’’

त्याला माहीतच नव्हतं. गावातल्या शिबिरात ती एकटी जाऊन आली असणार. मी म्हटलं, ‘‘त्यांनाच सांगायचंय. फोन त्यांच्याकडे द्या.’’

तिकडे थोडा वेळ काही नाही. फक्त वारा आणि लांबवर पंपाचा आवाज. मला वाटलं, ठेवला. मग त्यानं फोन तोंडापासून दूर धरून बांधावरून हाक मारली, ‘‘अगं ए, इकडं ये! दवाखान्यातनं फोन हाय. तुझाच हाय म्हनं!’’

आणि मी रिपोर्ट समोर सरळ करून ठेवला, चष्मा पुसला, वाट पाहत राहिलो. ढेकळांतून कुणी झपाझप येत असल्याचा आवाज जवळ येत गेला, बांगड्या वाजल्या.

‘‘हॅलो?’’